तुरुंगातली माफी : नॉरफोक बेटापासून नाशिक रोडपर्यंत

१८३४ साली नॉरफोक बेटावर कैद्यांनी बंड केले. ते मोडून काढल्यावर २९ जणांना फाशीची शिक्षा झाली. पुढे त्यातल्या १६ जणांची फाशी रद्द झाली आणि १३ जणांची कायम राहिली. ही बातमी कैद्यांना सांगायला आणि मरणाऱ्यांच्या सोबतीला विल्यम उलाथॉर्न हे कॅथलिक धर्मगुरू सिडनीहून जहाजाने बेटावर आले. ते एकेका कोठडीत गेले आणि जगणाऱ्यांची व मरणाऱ्यांची नावे सांगू लागले. ज्यांचा जीव वाचला होता ते रडू लागले. ज्यांना फाशी जायचे होते ते एकामागून एक गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी देवाचे आभार मानले. चार वर्षांनी उलाथॉर्न यांनी लंडनला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे ही हकिगत सांगितली, तेव्हा काळ्या पाण्याच्या शिक्षेकडे पाहण्याची इंग्लंडची नजर बदलू लागली होती.

मरणाला सुटका मानण्याची पाळी माणसांवर का आली, हे त्या बेटाच्या स्थापनेतच दडले होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १,४०० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. इंग्लंडमधून हद्दपार होऊन आलेल्या आणि ऑस्ट्रेलियात पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांसाठी १८२५ मध्ये तिथे नव्याने वसाहत उघडली गेली. इथे येणाऱ्याला परतीची आशा राहू नये, असे न्यू साऊथ वेल्सचे गव्हर्नर ब्रिस्बेन यांनी उघडपणे ठरवले होते. आशा काढून घेणे हाच शिक्षेचा गाभा होता. चांगले वागून काही मिळणार नव्हते आणि वाईट वागून गमावण्यासारखे काही उरले नव्हते. मग चाबूक, बेड्या आणि अंधारकोठडी एवढ्यावरच सारा कारभार चालला.

याच बेटावर १८४० च्या मार्च महिन्यात अलेक्झांडर मॅकोनॉकी नावाचा एक अधिकारी प्रमुख म्हणून आला. कैद्याला आपल्या शिक्षेचा काळ स्वतःच्या वागण्याने आणि कामाने कमी करता यावा, या आज जगभर रुजलेल्या कल्पनेची पहिली मोठी कसोटी त्याने घेतली.

कैद भोगलेला अधिकारी

मॅकोनॉकी १७८७ मध्ये एडिंबरोला जन्मला आणि तरुणपणी ब्रिटिश आरमारात गेला. १८११ च्या नाताळात त्याचे जहाज हॉलंडच्या किनाऱ्यावर रुतले आणि तो फ्रेंचांच्या हाती सापडला. कडाक्याच्या थंडीत कैद्यांना हॉलंडपासून फ्रान्समधल्या व्हर्डनपर्यंत चालवत नेण्यात आले. नेपोलियनचा पाडाव होईपर्यंत, म्हणजे १८१४ पर्यंत, तो युद्धकैदी होता. पुढे तो लंडनला स्थायिक झाला. १८३० मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला सचिव झाला आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापकही.

१८३७ च्या सुरुवातीला तो टास्मानियात, म्हणजे त्या वेळच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन यांचा खासगी सचिव म्हणून पोहोचला. इंग्लंडमधल्या एका तुरुंगसुधारणा संस्थेने त्याला तिथल्या कैद्यांविषयी ६७ प्रश्न पाठवले होते. उत्तरे शोधताना त्याने जे पाहिले त्याने तो हादरला. हद्दपारीची पद्धत कैद्याला गुलाम बनवते आणि त्याला राबवणाऱ्या मालकालाही बिघडवते, असे त्याने अहवालात लिहिले. अहवाल लंडनला छापला गेला, टास्मानियातले जमीनदार खवळले आणि फ्रँकलिन यांनी सचिवाला कामावरून काढले. पण तोच अहवाल संसदेच्या समितीच्या हाती पडला आणि त्याची कल्पना आजमावून पाहायला सरकार तयार झाले. त्यासाठी नेमके सर्वांत वाईट ठिकाण निवडले गेले.

शिक्षा वर्षांत नको, गुणांत हवी

मॅकोनॉकीचे म्हणणे असे होते. सात वर्षांची शिक्षा दिली की कैदी दिवस मोजत बसतो. काम केले काय आणि टाळले काय, सात वर्षे तेवढीच राहतात. त्याऐवजी शिक्षा कामाच्या मापात द्यावी. सात वर्षांच्या शिक्षेला ६,००० गुण, दहा वर्षांच्या शिक्षेला ७,००० आणि जन्मठेपेला ८,००० गुण त्याने ठरवले. दिवसभर नीट काम केले, शिस्त पाळली, अभ्यास केला की गुण जमा व्हायचे. गैरवर्तन केले की चाबकाऐवजी गुण कापले जायचे. चांगले जेवण किंवा इतर सोयी हव्या असतील तर त्याच गुणांतून विकत घ्यायच्या. जिभेचे लाड पुरवले की सुटका लांबते, हे कैद्याला रोज स्वतःच्या हिशेबात दिसत असे. पुढच्या टप्प्यात सहा-सहा जणांचे गट करायचे. एकाने चूक केली तर साऱ्या गटाचे गुण जायचे, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या वागण्याचीही काळजी घ्यावी लागे.

या योजनेत दयेचा भाग फार कमी होता. मॅकोनॉकी शिक्षेच्या विरोधात नव्हता. शिक्षेचे दार आतून उघडता आले पाहिजे आणि त्याची किल्ली घाम गाळून मिळाली पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह होता.

बेटावर सुमारे १,२०० जुने, दोनदा शिक्षा झालेले कैदी होते. शिवाय इंग्लंडहून थेट आणलेले सुमारे ६०० नवे होते. गुणांची पद्धत फक्त नव्यांना लावायची, असा त्याला आदेश होता. एकाच बेटावर काहींना आशा द्यायची आणि काहींना नाकारायची हे त्याला पटेना. त्याने जुन्यांनाही योजनेत घेतले. सिडनीहून गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांचे खरमरीत पत्र आले.

१८४० च्या मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस आला. मॅकोनॉकीने बेटावर सुटी जाहीर केली. कैद्यांना मोकळे सोडले, जेवण दिले, लिंबाच्या सरबतात थोडी रम मिसळून राणीच्या नावाने पेले उंचावले. संध्याकाळी कैद्यांनी नाटकाचे प्रवेश केले आणि शोभेचे दारूकाम झाले. ठरल्या वेळी बिगूल वाजले तसे सारे आपापल्या बराकीत परतले. एकही दंगा झाला नाही. सिडनीच्या वर्तमानपत्रांनी मात्र कैद्यांना मेजवानी देणाऱ्या या माणसाची यथेच्छ निंदा केली.

चार्ल्स अँडरसन याची गोष्ट त्या काळाचे सार सांगते. आरमारात असताना नवारिनोच्या लढाईत त्याच्या डोक्याला जखम झाली होती, तेव्हापासून त्याचा स्वभाव बिघडला. सिडनी बंदरातल्या गोट बेटावर त्याला दोन वर्षे खडकाला साखळदंडाने जखडून ठेवले होते. नॉरफोक बेटावर तो आला तेव्हा इतर कैदी त्याला चिडवून मजा घेत. मॅकोनॉकीने त्याला माणसांपासून दूर, बैल सांभाळण्याचे काम दिले आणि त्याच्या वाटेला कोणी जायचे नाही अशी ताकीद दिली. पुढे माऊंट पिट या टेकडीवरचे संदेशकेंद्र त्याच्या हवाली केले. गिप्स स्वतः बेटावर आले तेव्हा खलाशाच्या नीटनेटक्या पोशाखात चोख काम करणारा माणूस त्यांना दिसला. तो अँडरसन होता.

न वटणारी हुंडी

तरीही या प्रयोगाच्या मुळाशी एक दोष राहिला आणि तो मॅकोनॉकीच्या हातातला नव्हता. गुण मोजण्याचा अधिकार त्याच्याकडे होता, गुणांच्या बदल्यात सुटका देण्याचा अधिकार सरकारकडे. कैद्यांनी ठरलेले गुण मिळवले, पण जुन्या कैद्यांना सशर्त सुटकेचे परवाने द्यायला गिप्स यांच्याकडे कायद्याचा आधार नव्हता, आणि लंडनहून उत्तर यायला महिनेच्या महिने जात. गुण म्हणजे वेळेवर न वटणारी हुंडी झाली. कैद्यांचा उत्साह ओसरू लागला. इतकी वर्षे सरकारवर विश्वास नसलेल्या माणसांना मोठ्या कष्टाने विश्वास ठेवायला शिकवले आणि ऐन वेळी सरकारच शब्द पाळू शकले नाही.

१८४३ च्या मार्चमध्ये गिप्स आगाऊ वर्दी न देता बेटावर आले आणि सहा दिवस राहिले. त्यांनी एकेक इमारत पाहिली, कैद्यांशी बोलले. बेट शांत आणि शिस्तीत होते. त्यांनी तसा अनुकूल अहवाल लिहिला. पण तोपर्यंत लंडनने मॅकोनॉकीला परत बोलावण्याचा निर्णय घेतला होता. १८४४ च्या सुरुवातीला त्याने बेट सोडले.

त्याच्या जागी आलेल्या मेजर चाइल्ड्सच्या काळात चाबूक परतला. १८४६ च्या जून अखेरीस कैद्यांची स्वतःची स्वयंपाकाची भांडी काढून घेतली गेली. १ जुलैच्या सकाळी उठाव झाला आणि मुकादम व शिपाई मिळून चार जणांचा जीव गेला. १३ ऑक्टोबरला १२ कैद्यांना फाशी दिले गेले. बेट तेच होते आणि कैदीही बहुतेक त्याच जातकुळीचे. बदलला होता तो कैद्यापुढचा उद्या.

मॅकोनॉकी १८६० मध्ये वारला. त्याला यश पाहता आले नाही, पण त्याची कल्पना आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी उचलली होती. १८५४ पासून तिथल्या तुरुंगांची सूत्रे त्यांच्या हाती होती. डब्लिनच्या माऊंटजॉय तुरुंगात पहिले नऊ महिने एकांतवास, मग स्पाइक बेटावर सामुदायिक काम आणि तिथे वर्तन, मेहनत व शिक्षण या तिन्हींसाठी दरमहा प्रत्येकी तीन गुण, त्यानंतर लस्क इथल्या जवळजवळ पहारा नसलेल्या शेतावर काही महिने, आणि शेवटी परवान्यावर सुटका, असे टप्पे त्यांनी आखले. मॅकोनॉकीला जे मिळाले नव्हते ते क्रॉफ्टनकडे होते. गुण मिळाले की सुटका देणारा कायदा त्यांच्या पाठीशी होता. १८६० च्या दशकात इंग्लंडच्या तुरुंगांनीही गुणपद्धत घेतली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षा कमी करण्याचा कायदा त्याआधीच, १८१७ मध्ये, केला होता. १८७० मध्ये सिनसिनाटीला भरलेल्या तुरुंग परिषदेने आयरिश पद्धतीची तत्त्वे जाहीरपणे उचलून धरली.

डोंगरी, येरवडा आणि अंदमान

साम्राज्याच्या वाटेने ही पद्धत हिंदुस्थानात आली. मराठी वाचकाच्या ओळखीचा तिचा एक पुरावा १८८२ सालचा आहे. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ठेवले गेले. १७ जुलैला शिक्षा सुरू झाली आणि चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते बाहेर आले. आगरकरांनी या कारावासावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात १०१ दिवस आहेत ते यामुळे. पूर्ण शिक्षा भोगली असती तर तो आकडा १२० च्या पुढे गेला असता.

टिळकांनी माफीचा दुसरा प्रकारही अनुभवला. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना येरवडा तुरुंगात ठेवले गेले. मॅक्स म्युलर, दादाभाई नौरोजी आदींच्या अर्जानंतर सरकारने अटी घालून सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांना सोडले. डोंगरीतली सूट नियमाने मिळाली होती, येरवड्यातली सरकारच्या मर्जीने. पहिलीसाठी कोणाचे वजन लागले नाही, दुसरीसाठी नामवंतांच्या सह्या लागल्या. या दोन प्रकारांतला फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा वाद याच फरकाभोवती फिरला.

१८९४ च्या तुरुंग कायद्याने माफीच्या पद्धतीची व्याख्या केली ती अशी, की कैद्यांना गुण देण्याचे आणि त्यामुळे त्यांची शिक्षा कमी करण्याचे नियम. नॉरफोक बेटावरचे गुण अर्धशतकाने भारतीय कायद्याच्या पुस्तकात दाखल झाले. महिनाभर शिस्त पाळली की काही दिवस, नेमलेले काम पूर्ण केले की आणखी काही दिवस, वर्षभर एकही तुरुंगगुन्हा नसेल तर वेगळे दिवस अशी आकारणी ठरली. इतर कैद्यांवर देखरेख करणाऱ्या कैदी-वॉर्डरला जास्त दिवस मिळू लागले आणि तुरुंगगुन्हा केला की जमा झालेले दिवस कापले जाऊ लागले. तुरुंगात याला सरळ ‘माफी’ म्हणतात. बाहेर किती वर्षांची शिक्षा झाली हे विचारले जाते, आत किती माफी जमा झाली हे.

मात्र जन्मठेपेचा हिशेब कधीच सरळ नव्हता. अंदमानात विनायक दामोदर सावरकरांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष १९६० होते, कारण दोन जन्मठेपांची ५० वर्षे धरली गेली होती. भारतीय दंड संहितेत शिक्षेचे अंश काढण्यापुरती जन्मठेप २० वर्षांची मानली जाई. लोकांच्या तोंडी १४ वर्षे होती, आणि आजही आहेत. या गोंधळावर निकाल लागला तो नाशिक रोडच्या एका कैद्यामुळे.

२,९६३ दिवसांचा प्रश्न

गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ मध्ये गोपाळ विनायक गोडसे याला जन्मठेप झाली. पंजाबातल्या तुरुंगांतून १९५० मध्ये त्याला नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात हलवले गेले. सप्टेंबर १९६० पर्यंत त्याच्या खात्यावर वर्तणूक, काम, शारीरिक शिक्षण, साक्षरता आणि सरकारने सणप्रसंगी जाहीर केलेली सूट अशी एकूण २,९६३ दिवसांची माफी जमली होती. भोगलेली वर्षे आणि ही माफी मिळून आपली २० वर्षे पुरी झाली आहेत, आता मला डांबून ठेवणे बेकायदा आहे, असे म्हणत त्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

१२ जानेवारी १९६१ ला न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकाल दिला. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उरलेल्या आयुष्याइतकी कैद. २० वर्षांचा आकडा हिशेबापुरता आहे, त्याने शिक्षा आपोआप संपत नाही. साठवलेली माफी सरकारने शिक्षा कमी करायचे ठरवताना विचारात घ्यायची आहे, पण तिच्या बळावर कैद्याला सुटकेचा हक्क मिळत नाही. याचिका फेटाळली गेली. ऑक्टोबर १९६४ मध्ये तो सुटला तो सरकारच्या आदेशाने.

ज्या गुन्ह्याने देश हादरला त्या गुन्ह्यातल्या कैद्याची ही याचिका होती. त्याच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण निकालाने घालून दिलेला नियम पुढे हजारो अनाम जन्मठेपवाल्यांना लागू झाला. मुदतीच्या शिक्षेच्या कैद्याला माफी म्हणजे रोख रक्कम असते. जन्मठेपेच्या कैद्याला ती सरकार वटवील तेव्हाच वटणारी राहिली. नॉरफोक बेटावर गिप्स यांच्यापुढे जो पेच होता तो भारतीय कायद्यात कायमचा वस्तीला आला.

१९७८ मध्ये संसदेने आणखी एक कुंपण घातले. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याने किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय, माफी कितीही जमली तरी, त्याला सोडता येणार नाही, असे कलम ४३३-अ फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. १९८० मध्ये मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. खुनाच्या शिक्षेला काही वजन राहावे हा हेतू योग्यच होता. पण लोक ‘१४ वर्षांनी सुटतो’ असे समजतात तसा अर्थ या नियमाचा नाही. १४ वर्षांनंतर सरकारने विचार करायचा आहे, एवढेच तो सांगतो.

आटपाडीचा धडा

विश्वास टाकला तर काय होते याचा दाखला महाराष्ट्रालाही दूर शोधावा लागत नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतीविना राहून शेती करू लागले. त्या प्रयोगावरूनच व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, ज्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. स्वातंत्र्यानंतर येरवडा आणि पैठण इथे खुली कारागृहे आली. तिथे काम करणाऱ्या कैद्याला बंद तुरुंगापेक्षा कितीतरी जास्त दराने माफी मिळते. ही जागा मिळवण्यासाठी बंद तुरुंगात वर्षानुवर्षे नीट वागावे लागते. क्रॉफ्टन यांच्या लस्कच्या शेताशी या रचनेचे नाते उघड आहे.

आणि मर्जीची माफी काय करते, हेही अलीकडेच दिसले. बिल्किस बानो प्रकरणात मुंबईच्या न्यायालयाने २००८ मध्ये जन्मठेप दिलेल्या ११ जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ ला सोडले. खटला महाराष्ट्रात चालल्यामुळे माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातला तो नव्हताच, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द केली आणि सर्वांना दोन आठवड्यांत तुरुंगात परतायला सांगितले. जिच्यावर अत्याचार झाला तिला मान देऊन, योग्य अधिकाऱ्याने, कायद्यातले निकष लावून दिलेली माफीच टिकते. चुकीच्या हातांनी दिलेल्या माफीमुळे पीडितेवर पुन्हा अन्याय होतो, आणि तुरुंगात इमानाने दिवस काढणाऱ्या इतर कैद्यांच्या माफीवरही लोकांचा संशय बसतो.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. माफी कमावण्याची वाट जिथे स्पष्ट होती आणि सरकारने शब्द पाळला, तिथे तुरुंग शांत राहिले. जिथे वाट बंद केली किंवा शब्द मोडला, तिथे रक्त सांडले किंवा न्यायालयात धाव घ्यावी लागली. म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक कैद्याला त्याच्या माफीचे खाते नियमित आणि लेखी मिळावे. जन्मठेपेच्या कैद्याचा विचार ठरलेल्या मुदतीत, त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता व्हावा आणि निर्णयाची कारणे लिहिली जावीत. आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचे म्हणणे त्या निर्णयाआधी ऐकले जावे. पुढच्या वेळी कोणाची शिक्षा माफ झाल्याची बातमी वाचाल तेव्हा संतापण्याआधी किंवा आनंदण्याआधी एवढेच विचारा, की ही माफी कैद्याने नियमाने कमावली, की कोणी मर्जीने दिली? पहिल्या प्रकारच्या माफीच्या पाठीशी आपण उभे राहायला हवे. दुसरीचा जाब विचारायला हवा.